ड्युटी मी लावली होती

पहिल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "गेल्या वर्षी तुमच्या वॉर्डांमध्ये किती रुग्ण पलंगावरून पडले?" मी म्हणाले, "आमच्याकडे सहसा कुणी पडत नाही." समोरच्या चौघांनी माना खाली घालून काहीतरी लिहिलं. ती जागा मला मिळाली नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पद होतं ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात, चीफ नर्सिंग ऑफिसरचं. माझी नर्सिंगमधली बावीस वर्षं झाली होती, त्यातली सहा असिस्टंट मेट्रन म्हणून. तयारी म्हणून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांचं पुस्तक दोनदा वाचलं होतं. पण पुस्तकातलं सगळं त्या चौघांनाही ठाऊक होतं.

माझ्या जुन्या मेट्रनबाई निवृत्तीनंतर कल्याणला राहतात. त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, दर वाक्यात तू ‘आम्ही’ म्हणतेस. वॉर्ड सगळ्यांनी मिळून चालवला, कबूल. पण निर्णय कुणाचा होता?"

मी गप्प झाले. आमच्या रिपोर्ट बुकात कर्ता नसतोच. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, डॉक्टरांना कळवलं. वर्षानुवर्षं असं लिहून ‘मी ठरवलं’ हे शब्द तोंडातून निघेनासे होतात. त्यात नम्रता आहे, हे खरं. पण पाचशे परिचारिकांची जबाबदारी मागायला गेलेल्या बाईला ती पुरत नाही.

मग शंभरपानी वही घेतली. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडली की बसायला मिळतं, तेवढ्या वेळात लिहायचं. नियम एकच: प्रत्येक नोंदीत निर्णय माझा हवा.

गाडी मुंब्र्यावरून जाताना पहिली नोंद आठवली. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारला आयसीयूत आग लागली, 28 तारखेला मुंब्र्याच्या रुग्णालयात. त्या आठवड्यात मी ड्युटीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णापुढे एका सिस्टरचं नाव: आग लागली तर त्याला हातानं श्वास द्यायची अँबू बॅग तीच धरणार. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह आणि बाहेरचं दार दाखवल्याशिवाय हँडओव्हर पूर्ण धरायचा नाही, हेही ठरवलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आकडे. हजार बेड-दिवसांमागे किती रुग्ण पडले, किती जणांना बेडसोअर झाले, किती मुली नोकरी सोडून गेल्या. जुन्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की आमच्याकडे रुग्ण पडत होते, आणि तेही बहुतेक पहाटे, एकटेच बाथरूमला उठल्यावर. पहिल्या मुलाखतीतलं माझं उत्तर साफ खोटं होतं. मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

दुसरी मुलाखत चार महिन्यांनी, दुसऱ्या रुग्णालयात. आदल्या आठवड्यात तिथल्या ओपीडीत दोन तास नुसती बसून आले. 2021 च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली होती, पण आजीबाईंना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात नव्हती. हे मी मुलाखतीत सांगितलं. जर्मन भाषेचे वर्ग लावून परदेशी निघालेल्या मुलींना कसं थांबवणार, असंही त्यांनी विचारलं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून कुणी मनानं थांबत नाही, आधी नाइट ड्युट्यांचं गणित सुधारा, असं मी म्हणाले.

शेवटचा प्रश्न होता, "तुमचा चुकलेला एक निर्णय सांगा."

नव्या मुलीला पुरेसं शिकवण्याआधीच रात्री आयसीयूत पाठवलं होतं. तिच्या हातून औषधाचा डोस चुकला. वेळेत लक्षात आलं, रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण मेमो त्या मुलीला मिळाला. मी म्हणाले, "ड्युटी मी लावली होती."

हे वाक्य मी तेव्हा, मेमो निघाला त्या दिवशी बोलायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. वॉर्ड इनचार्ज असलेल्या सिस्टर्सना एवढंच सांगते: घेतलेला निर्णय त्याच दिवशी, स्वतःच्या नावानिशी, एका ओळीत लिहून ठेवा. बावीस वर्षांचं आठवून लिहायला मला चार महिने लागले, आणि तरी निम्मं आठवलं नाही.