कापडी बुटांची वहिवाट

शनिवारच्या सकाळच्या शाळेला पांढरे कापडी बूटच घातले पाहिजेत, हा दंडक प्रथम कोणत्या साहेबाच्या सहीशिक्क्याने निघाला, याचा दाखला शिक्षण खात्याच्या एखाद्या दफ्तरात कदाचित अद्याप पडून असेल. आम्हां मुलींच्या लेखी मात्र तो अनादि होता, आणि त्याची अंमलबजावणी शुक्रवारी सायंकाळी मोरीत सुरू होत असे. खडू पाण्यात कालवून तो लेप जुन्या गंजिफ्रॉकच्या चिंधीने बुटांवर चढवायचा. ओला असताना तो करडा दिसे, वाळता वाळता पांढरा होई, नाडी ओवण्याच्या भोकांभोवती मात्र साचून राही. आणि दुसऱ्या दिवशी कवायतीत कदमताल सुरू झाला, की तेथलेच पोपडे निघून त्यांची भुकटी निळ्या स्कर्टच्या घेरावर उडे. वाढत्या पायाचा विचार करून बूट नेहमी मोठेच घ्यावयाचे आणि पुढच्या टोकात कापूस कोंबायचा, अशी आमच्या घरची वहिवाट असल्यामुळे ‘आरामदायी’ हे विशेषण त्या पादत्राणाला लावण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

असे असूनही तो बूट हा एका मोठ्या शोधाचा वारस होता. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन पाघळते आणि थंडीत ताठरते. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली असता हा स्वभावदोष नाहीसा होतो, हे चार्ल्स गुडइयरने सिद्ध केले आणि १८४४ साली त्याचे अमेरिकेतील पेटंट मिळवले. झ्लिन गावी १८९४ मध्ये उभ्या राहिलेल्या बाटा यांच्या व्यवसायाने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हुगळीकाठी बाटानगर वसवले, आणि रबरी तळाचा कापडी बूट या देशातल्या सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आला. आमच्या मैदानावरची एप्रिलची माती पोळत असतानाही तो तळ वितळत नसे, एवढाच या साऱ्या रसायनशास्त्राचा प्रत्यय आम्हांला होता.

शाळा सुटली, साडी आली, आणि तिच्याबरोबर चपला. साडीखाली कापडी बूट घालून कचेरीत रुजू होणारी बाई आमच्या काळी चेष्टेचा विषय झाली असती. म्हणून उंच टाचेच्या सँडल्स घालून मी नोकरीची वर्षे काढली, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. १९९१ नंतर बाजार खुला होऊन परदेशी खेळाचे बूट पेठेतल्या दुकानांतही दिसू लागले. निवृत्तीनंतर वेताळ टेकडीवर फिरावयास जाण्याच्या निमित्ताने मी तसा एक जोड घेतला, आणि टेकडीवरून परस्पर भाजीबाजारात, तेथून बँकेत, असा त्याचा संचार वाढत वाढत अखेर तो साडीखालीही स्थिरावला.

येथे एका तांत्रिक बाबीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. साडीची लांबी पायांतल्या जोड्यावर ठरते. उंच टाचेच्या सवयीने निऱ्या खोचल्या आणि नंतर सपाट बूट घातले, तर फॉल धुळीत लोळतो, पुढे पाऊल टाकताच निऱ्यांवर पाय पडतो. म्हणून बूट आधी चढवावेत, साडी नंतर नेसावी, आणि काठ नाडीच्या गाठीला स्पर्श करील इतपतच खाली सोडावा. चैत्रातल्या सुती साडीखाली, इरकलीखाली किंवा खणाच्या कुर्त्याबरोबर साईच्या रंगाचा बूट फार शोभतो. टिपूर पांढरा मला अजूनही कवायतीची आठवण देतो, शिवाय टेकडीवरच्या मुरुमाची तांबूस धूळ त्यावर तत्काळ उमटते. जाड तळाचे, होडीसारखे बूट भरजरी साडीखाली घालण्याची जी टूम निघाली आहे, तिला माझी अनुमती नाही. अर्थात ती कोणी मागितलेलीही नाही.

खरेदीस दिवस मावळताना जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते आणि सकाळी चपखल बसलेला बूट तेव्हाच आपला खरा स्वभाव प्रकट करतो. उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते की नाही हे पाहावे, आणि बूट हातात धरून वाकवला असता तो चवड्यापाशी न वाकता मधोमध दुमडला, तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी तो निमूटपणे परत करावा. ईव्हीए या फेसाळ प्लास्टिकचा हलका तळ सूक्ष्म हवेच्या कप्प्यांनी भरलेला असतो. चालून चालून ते कप्पे दबतात ते कायमचे, त्यामुळे वरचे कापड नव्यासारखे दिसत असतानाच आतला मऊपणा संपलेला असतो. पीयू या दुसऱ्या प्लास्टिकच्या तळाची तऱ्हा याहून निराळी. ठेवणीतला म्हणून जपलेला माझ्या जाऊबाईंचा जोड काही पावसाळे कपाटात राहिल्यावर लग्नघरी पहिल्या पायरीलाच भुगा होऊन गळला, कारण हवेतील दमटपणाच त्या द्रव्याचे बंध तोडतो. काटकसर म्हणून बूट न वापरणे हीच तेथे उधळपट्टी ठरते.

एवढी चिकित्सा करूनही या बुटांचा आपल्या संसाराशी एक झगडा उरतोच, तो उंबरठ्यावर. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीची हळदीकुंकवे चालतात. एकाच संध्याकाळी अनेक घरी जावयाचे, प्रत्येक दाराशी वाकून नाड्या सोडावयाच्या, आंब्याची डाळ आणि पन्हे घेऊन, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी सावरीत पुन्हा जिन्यात बसून त्या बांधावयाच्या, आणि मागून येणाऱ्या सुवासिनींची वाट अडवायची! माझ्या भाचीने यावर ताणल्या जाणाऱ्या रबरी नाड्या आणून दिल्या. पाय आता विनासायास आत शिरतो. परंतु टेकडीच्या उतारावर त्याच नाड्यांपायी पाऊल पुढे घसरते आणि बोटे टोकावर आपटतात. सबब टेकडीसाठी नाडीचा एक आणि हळदीकुंकवासाठी बिननाडीचा एक, अशा दोन जोडांची तजवीज मी यंदा केली आहे. यजमानांनी या खर्चास अद्याप मंजुरी दिलेली नाही. पण त्यांच्या कोल्हापुरी वहाणांचे किती जोड माळ्यावर पडून आहेत, याची मोजदाद मी करून ठेवली आहे.