पोटाची वही

वारंवार पोट बिघडणाऱ्या मुलाच्या घरी दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणतो, "चांगले जोरदार अँटिबायोटिक द्या, एकदाचे जंतू मरू देत." दुसरा म्हणतो, "चांगल्या जंतूंच्या पुड्या द्या, पोट आपोआप सुधारेल." आमच्या धाकट्या मुलाच्या दुखण्यात हे दोन्ही सल्ले आम्ही आठ महिने ऐकले. त्यातून जे कळले ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. दर पंधरा-वीस दिवसांनी पोटात कळ, घाण वासाचे चिकट जुलाब, पोट फुगलेले, अन्नावर वासना नाही. जवळच्या दवाखान्यात पातळ औषध आणि पुड्या मिळत. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. शाळा बुडे. त्याची आई शिवणकामाला जाते, तिचाही रोज बुडे. या वयात मुलाचे वजन वर्षाला साधारण 2 किलो वाढावे लागते. आमच्या मुलाचे आठ महिन्यांत पाव किलोही वाढले नाही. शाळेची चड्डी कमरेवर राहीना.

आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्याच महिन्यात वही घातली. तारीख, किती वेळा जुलाब, ताप होता का, रक्त पडले का, काय खाल्ले, कोणते औषध किती दिवस दिले, महिन्याचे वजन. आम्ही कामावर असलो तर थोरली मुलगी लिही. काही महिन्यांनी वहीच बोलू लागली. तीन निरनिराळी अँटिबायोटिक्स झाली होती. ताप नव्हता, रक्त नव्हते. आणि शौचाची तपासणी एकदाही झाली नव्हती.

ती वही घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी ती नीट वाचली आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे शौच तपासायला सांगितले, कारण एका नमुन्यात हा जीव सापडेलच असे नसते. त्यात जिआर्डिया निघाला. हा एकपेशीय परजीवी. बॅक्टेरियावरची सगळीच औषधे त्याला लागू पडत नाहीत. त्याचे नेमके औषध वजनाप्रमाणे, ठरलेले दिवस दिले. काही आठवडे दूध बंद ठेवले, कारण या आजारानंतर दूध पचेनासे होते. दही मात्र चालले. पुढच्या तीन महिन्यांत वजन दीड किलो वाढले.

बाईंनी जे समजावले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून नवे जुलाब सुरू होऊ शकतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. पटकी, टायफॉइड किंवा रक्ताची हगवण असेल तर मात्र अँटिबायोटिक लागते; ते डॉक्टरने ठरवावे, दुकानदाराने नव्हे. पाकिटावर उभी लाल रेष असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नाही.

पुड्यांचेही तसेच. अँटिबायोटिक चालू असताना त्यामुळे होणारे जुलाब काही विशिष्ट जीवाणूंच्या पुड्यांनी कमी होतात. पण 2018 साली अमेरिका आणि कॅनडात जुलाब झालेल्या लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत पुड्या दिलेली व न दिलेली मुले सारखीच बरी झाली. म्हणजे पुडी हे सर्व पोटांचे औषध नव्हे. जुलाबात पहिले औषध ओआरएस, त्यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची गोळी, आणि खाणे चालूच. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा रक्त पडले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न पाण्याचा. जिआर्डिया दूषित पाण्यातून येतो आणि नेहमीच्या क्लोरीनला सहजी दाद देत नाही. पाणी खळखळून उकळले की मरतो. आमच्या गल्लीतली नळाची वाहिनी गटारातून गेली होती. महिला मंडळाच्या भगिनींनी सात घरांतल्या मुलांची अशीच नोंद केली आणि अर्जासोबत जोडली. तिसऱ्या अर्जानंतर वाहिनी बदलली. नुसत्या तोंडी तक्रारीला जे जमले नव्हते ते तारखांनी जमवले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलाचे पोट पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर आजच दहा रुपयांची वही आणा. दवाखान्यात ती पुढे ठेवा आणि न संकोचता विचारा: आजार कशाचा आहे? तपासणी लागेल का? हे औषध कशासाठी आणि किती दिवस? वही कशी घालावी हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावे. आमची वही आम्ही जपून ठेवली आहे.