रुसलेली कळ

अब्बांवर लेख लिहायला बसलो आणि कीबोर्डची एक कळ रुसली. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'डी'च्या कळीवर अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह असते, शिफ्ट दाबून 'अ'. आता 'अब्बा' उमटेना, नुसते 'बबा'!

मुलगी म्हणाली, "अब्बू, आधी दुसरा कीबोर्ड लावून बघू." त्यावर 'अ' उमटला. म्हणजे दोष संगणकात नव्हता, कळीतच होता. तिने वायर काढून कळीची टोपी अलगद उचलली. खाली धूळ आणि कधीतरी सांडलेल्या चहाचा चिकटा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, वाळवून टोपी बसवली. 'अब्बा' उमटले.

अब्बा हयात होते तेव्हा सगळ्या कळा चालत होत्या. मी मात्र त्यांना चार ओळींचे पत्रही लिहिले नव्हते.