चित्रांतला जपान आणि जपानांतलीं माणसें

परदेशच्या प्रवासास निघणारांचीं कारणें नाना प्रकारचीं असतात. कोणी व्यापाराकरितां जातो, कोणी विद्येकरितां, तर कोणी निव्वळ हौसेखातर. माझें कारण यांपैकीं कोणतेंच नव्हतें. आमच्या वहिनींनीं मला जपानास धाडलें तें त्यांच्या चिरंजीवांच्या अंगांतलें जपानचें वेड उतरतें कीं कायमचें बसतें, एवढें पाहून येण्यासाठीं!

हे चिरंजीव, म्हणजे माझा पुतण्या, वय वर्षें एकवीस, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत. जपानी लोक जीं चालतीं-बोलतीं चित्रें काढतात व ज्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात, तीं हा शाळेंत असल्यापासून पाहूं लागला. पाहण्याचा नाद लागला, नादाचें व्यसन झालें, आणि व्यसनाचा पुढें धर्म बनला. खोलीच्या भिंती चित्रांनीं झांकून गेल्या, कोपऱ्यांत लांकडी तलवार आली. जेवावयास बसला कीं हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणे. लहानपणीं पाठ केलेला जेवणापूर्वींचा श्लोक मात्र त्यानें केव्हांच सोडला होता. यावर आमच्या मातोश्री एवढेंच म्हणत, “हात जोडतो आहे ना? मग कोणत्या कां भाषेंत होईना!”

गोष्ट येथवर होती तोंवर सर्वांनीं हंसण्यावारी नेली. पण मागील वर्षीं फाल्गुनांत त्यानें जाहीर केलें कीं, कॉलेज सोडून आपण जपानांत कायमचें राहावयास जाणार. येथील लोकांत आपला जीव रमत नाहीं. तेव्हांपासून दादांनीं त्याच्याशीं बोलणें टाकलें. एके दिवशीं वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, त्याला एकदां तो देश दाखवून आणा. भूत उतरायचें तर तिथेंच उतरेल.” याप्रमाणें चैत्राच्या आरंभीं काका-पुतण्याची जोडी तोक्योस पोंचली.

पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं रविवार होता. त्यानें मला प्रथम नेलें तें आकिहाबारास. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागांत रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरत असे. पुढें तेथें विजेच्या उपकरणांचीं दुकानें झालीं, मग संगणकांचीं, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून ॲनिमेच्या भक्तांनीं तें आपलें क्षेत्र केलें. रविवारीं दुपारीं येथील हमरस्ता गाड्यांना बंद असतो, आणि रस्त्याच्या मधोमध देशोदेशींचीं तरुण माणसें जत्रेंत फिरावीं तशीं फिरत असतात. कोणाचे केंस निळे, कोणाचे गुलाबी. अमेरिका, फ्रान्स, ब्राझील, चीन, सर्व ठिकाणचे भाविक एकाच दैवतापुढें जमलेले! एका दुकानांत कांचेआड हातभर उंचीची एक बाहुली होती. तिची किंमत सत्तर हजार येन. पुतण्याचे डोळे तिच्यावर खिळले. मला मात्र वाचलेली एक गोष्ट आठवली. हीं चित्रें काढणारे जे खालच्या पायरीचे कारागीर, त्यांचें वार्षिक उत्पन्न सरासरी ११ लाख येन असल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें होतें. तोक्योसारख्या शहरांत एवढ्यावर एकट्याचेंही पोट भरणें कठीण. म्हणजे ही एक बाहुली त्या कारागिराच्या तीन आठवड्यांहून अधिक दिवसांच्या मिळकतीची!

येथील एका प्रकाराचें मला विशेष नवल वाटलें. २००१ च्या सुमारापासून येथें कांहीं उपाहारगृहें अशीं निघालीं आहेत कीं, त्यांत दासीचा वेष केलेल्या मुली दाराशीं लवून “धनीसाहेब, घरीं आलांत!” अशा अर्थाचें स्वागत करतात. आंत जाण्याचे पैसे, बसण्याचे पैसे, मुलीबरोबर छायाचित्र काढण्याचे पैसे वेगळे. घरीं आल्याचें स्वागत विकत घेण्यासाठीं बाहेर तरुणांची रांग लागली होती. ती पाहून हंसूं येण्याऐवजीं माझें मन जड झालें.

‘घर’ या शब्दाचीच गंमत पाहा. अशा भक्तांना जपानांत ‘ओताकु’ म्हणतात, आणि हा शब्द अंगावरच्या सदऱ्यावर छापून माझा पुतण्या मोठ्या दिमाखानें हिंडत होता. ‘ओताकु’ म्हणजे मूळ ‘आपलें घर’. त्यावरून ‘आपण’ असें आदरार्थी संबोधन. हे भक्त एकमेकांना नांवानें हांक न मारतां असें दुरून ‘आपण, आपण’ करतात, अशी थट्टा आकिओ नाकामोरी या लेखकानें १९८३ सालीं एका मासिकांत केली, आणि तेंच त्या जातीचें नांव पडलें. १९८९ सालीं लहान मुलींच्या खुनांबद्दल एक इसम पकडला गेला. त्याच्या खोलींत चित्रफितींचे ढीग सांपडले, आणि तेव्हांपासून कित्येक वर्षें हा शब्द तेथें शिवीसारखा झाला. परदेशांतल्या भक्तांना या इतिहासाची वार्ता नाहीं. त्यांना तें भूषण वाटतें.

शब्दांची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. यानाका हा तोक्योचा जुना भाग १९२३ च्या भूकंपांतून आणि १९४५ च्या बाँबवर्षावांतून बराचसा बचावलेला आहे. अरुंद गल्ल्या, लहान देवळें, दारापुढें ओळीनें मांडलेल्या कुंड्या. पुण्याच्या जुन्या पेठा आठवाव्यात असें तें ठिकाण. तेथील एका लहानशा खानावळींत आम्ही शिरलों. मालक सत्तरीच्या पुढचे, वांकलेले गृहस्थ. पुतण्यानें पुढें होऊन आपल्या जपानीचा पहिला प्रयोग त्यांच्यावर केला. वृद्ध गृहस्थांचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग त्यांनीं हंसून मान डोलावली आणि आंत गेले. शेजारच्या बांकावर एक विद्यार्थिनी होती. तिनें आमच्याजवळ येऊन अगदीं हळू आवाजांत इंग्रजींत सांगितलें, “आपण त्यांना ‘ओमाए’ म्हणालांत. वडील माणसांना असें म्हणत नाहींत.”

वाचकहो, ‘ओमाए’ म्हणजे आपलें ‘अरे-तुरे’. एके काळीं तोही मानाचा शब्द होता; झिजत झिजत तो धाकट्यांसाठीं आणि भांडणासाठीं उरला. ॲनिमेंतले शूर वीर एकमेकांना सर्रास ‘ओमाए’ म्हणतात, म्हणून आमच्या वीरानेंही म्हटलें! सातोशी किन्सुइ या भाषापंडितानें २००३ सालच्या आपल्या पुस्तकांत अशा भाषेस ‘याकुवारिगो’, म्हणजे ‘भूमिकेची बोली’, म्हटलें आहे. ती गोष्टींतल्या पात्रांची भाषा. घरांत ती तशी कोणी बोलत नाहीं. ऐतिहासिक नाटकें पाहून मराठी शिकलेला एखादा परदेशी मनुष्य वाण्याच्या दुकानांत जाऊन “कोण आहे रे तिकडे!” अशी गर्जना करूं लागला, तर काय होईल? तेंच येथें झालें होतें. पुतण्यानें पुढें आलेलें अन्न मान खालीं घालून संपविलें. त्या दिवशीं तो ‘इतादाकिमासु’ म्हणावयासही विसरला.

तिसऱ्या दिवशीं आम्ही कामाकुरास गेलों. तेराव्या शतकांतील अमिदा बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ति पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती. पुतण्याचें दैवत तेथून थोडें पुढें, समुद्रकांठच्या एका लहान स्टेशनाजवळ होतें. तें म्हणजे रेल्वेचें एक फाटक! ‘स्लॅम डंक’ नांवाच्या, १९९३ ते १९९६ या काळांत दाखविल्या गेलेल्या मालिकेच्या आरंभीं हें फाटक दिसतें. उतरता रस्ता, फाटकावरून जाणारी हिरवी आगगाडी आणि तिच्यामागें निळा समुद्र. देखावा खरोखरच सुंदर आहे. पण त्यापुढें दीडदोनशें माणसें छायाचित्रें काढण्यासाठीं उभीं होतीं. गाडी आली कीं घोळका रस्त्याच्या मध्यापर्यंत सरके, आणि त्यांना मागें लोटण्यासाठीं नेमलेले रखवालदार हात जोडून विनवण्या करीत. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली एक म्हातारी पलीकडच्या बाजूस उभी होती. तिला रस्ता ओलांडावयाचा होता, आणि तीन गाड्या येऊन गेल्या तरी तिला वाट मिळाली नाहीं.

पुतण्याही यंत्र उंचावून घोळक्यांत शिरला होता. परत आला तेव्हां त्यानें छायाचित्र मला दाखविलें नाहीं. कांहीं वेळानें म्हणाला, “काका, चित्रांत इथें दुसरें कोणीच नसतें.”

मी कांहीं बोललों नाहीं. त्याचें त्यालाच उमगलें होतें, त्यावर माझें प्रवचन कशाला? रात्रीं मुक्कामावर मीं त्याला लाफ्काडियो हर्नची हकीकत मात्र सांगितली. हा लेखक १८९० सालीं जपानांत आला, त्या देशाच्या प्रेमांत पडला, कोइझुमी सेत्सु नांवाच्या बाईशीं त्यानें संसार थाटला आणि १८९६ सालीं कोइझुमी याकुमो हें नांव घेऊन तो तेथला प्रजाजन झाला. तरीही १९०३ सालीं तोक्योच्या विद्यापीठांतली त्याची जागा गेली, आणि पुढल्याच वर्षीं तो वारला. जपाननें त्याच्या प्रेमाची परतफेड नेहमींच प्रेमानें केली असें नाहीं. पण त्याच्या भुताखेतांच्या कथा आजही जपानी मुलें वाचतात, कारण त्या त्यानें आपल्या मनांतून काढल्या नाहींत; जपानी पुस्तकांतल्या आणि लोकांच्या तोंडच्या गोष्टी बायकोजवळ बसून, तिला विचारून विचारून त्यानें लिहून घेतल्या. “म्हणजे त्यानें घरच्या माणसांना विचारलें,” पुतण्या म्हणाला, आणि दिवा मालवून झोंपला.

शेवटचें ठिकाण वाशिनोमिया. तोक्योच्या उत्तरेस आगगाडीनें तासाभराच्या वाटेवर, साइतामा प्रांतांत हें शिंतो देवस्थान आहे. तें फार प्राचीन मानलें जातें, पण दूरच्या माणसांस त्याचें नांव फारसें ठाऊक नव्हतें. २००७ सालीं ‘लकी स्टार’ नांवाची मालिका निघाली, तिच्यांतल्या दोन जुळ्या बहिणी या देवळाच्या पुजाऱ्याच्या मुली दाखविल्या आहेत. मग काय! २००८ च्या नववर्षाच्या दर्शनास सुमारें ३ लाख लोक लोटले. देवळांत नवसाच्या लांकडी पाट्या टांगण्याची चाल आहे. त्यांना ‘एमा’, म्हणजे ‘चित्रांतला घोडा’, म्हणतात. पूर्वीं देवाला खरा घोडा वाहत, पुढें त्याचें चित्र आलें. या पाट्यांवर आतां त्या जुळ्या बहिणींचीं चित्रें डोलत असतात.

पण हें गांव आणि कामाकुराचें फाटक यांत एक अंतर आहे. येथील व्यापारी मंडळानें आलेल्या पोरांना हांकलून न देतां त्यांना विचारलें, तुम्हांला काय हवें? आणि पोरांनींही गांवाला विचारलें, आम्हीं काय करावें? २००८ सालच्या सप्टेंबरांत गांवच्या उत्सवांत या मालिकेच्या नांवाची एक पालखी निघाली. ती खांद्यावर घेणारे हेच भक्त होते. पुढें कित्येक वर्षें ते पालखीच्या दिवशीं घरीं यावें तसे येत राहिले.

देवळासमोरचें जुनें लांकडी तोरण २०१८ सालीं कोसळलें. २०२१ च्या अखेरीस तेथें नवें उभें राहिलें. त्याच्याजवळ एक वृद्ध बाई गळालेल्या फुलांच्या पाकळ्या झाडीत होत्या. पुतण्या त्यांच्याजवळ गेला, कंबरेंत वांकला, आणि दोन दिवस पुस्तकांतून घोकलेल्या आदरार्थी जपानींत, अडखळत, आपण मदत करूं काय असें विचारलें. बाईंनीं त्याला आपादमस्तक न्याहाळलें आणि झाडू त्याच्या हातीं दिला! अर्धा तास तो झाडीत होता व त्या बोलत होत्या. नंतर त्यानें मला सांगितलें, “त्या म्हणाल्या, पहिल्यानें या मुलांची भीतीच वाटली. पण गांवांत तरुण उरले नव्हते, आणि पालखीला खांदे तर हवेच होते.”

तेथें एक पाटी त्यानेंही टांगली. ‘लकी स्टार’ ही मालिका ज्या क्योतो ॲनिमेशन संस्थेनें काढली, तिच्या चित्रशाळेस १८ जुलै २०१९ रोजीं एका इसमानें आग लावली. तींत ३६ माणसें गेलीं, आणि त्यांत या मालिकेचे एक दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो हेही होते. त्या वेळीं देशोदेशींच्या रसिकांनीं ३०० कोटी येनांहून अधिक मदत पाठविली. ज्यांना जग वेडे म्हणतें, त्यांचें हें वेड वाचकांनीं विसरूं नये. पुतण्यानें आपल्या पाटीवर चित्र काढलें नाहीं. मृतांसाठीं देवनागरींत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलें हें मीं विचारलें नाहीं.

परतीच्या विमानांत मीं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. युगो साको नांवाच्या जपानी गृहस्थास आपल्या रामायणानें असेंच वेड लावलें होतें. पण रामायणाचा ॲनिमे चित्रपट करतांना त्यानें आमचा वेष, आमच्या चालीरीति यांचा अंदाज बांधला नाहीं. तो भारतांत पुनःपुन्हां आला, आणि राम मोहन यांच्यासारख्या भारतीय चित्रकारांस त्यानें सोबतीला घेतलें. १९९२ सालीं पुरा झालेला तो चित्रपट आपल्याकडे लहानथोरांनीं आपला म्हणून पाहिला. परक्याच्या घरावर जीव जडणें हा कांहीं दोष नव्हे. त्या घरांत माणसें राहतात हें विसरणें, आणि त्यापायीं स्वतःच्या घरांतल्या माणसांकडे पाठ फिरविणें, एवढाच काय तो दोष.

घरीं आल्यावर चिरंजीवांनीं कॉलेज पुढें चालू ठेवलें. जपानी शिकणारांची पुण्यांत कांहीं वाण नाहीं. त्यांच्या एका वर्गांत जाऊन तो अगदीं खालच्या परीक्षेपासून अभ्यासास बसला आहे. भिंतीवरचीं चित्रें अद्याप आहेत, आणि तो जपानास जाणार नाहीं असेंही नाहीं. जेवतांना श्लोक आणि ‘इतादाकिमासु’ दोन्ही होतात, म्हणून मातोश्री प्रसन्न आहेत. पदवी मिळाल्यावर जावयाचें असल्यास दादांची ना नाहीं. परवां ते त्याच्याजवळ बसून जपानांतल्या थंडीची चौकशी करीत होते.

वहिनींनीं मला एकीकडे गांठून विचारलें, “काय भावोजी, उतरलें कां भूत?”

मीं म्हटलें, “उतरलें नाहीं, वहिनी. पण माणसांत आलें.”