सर्फराज की करुण?

24 मे 2025 रोजी मुंबईत निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी इंग्लंड दौऱ्याचा कसोटी संघ जाहीर केला. रोहित शर्मा आणि विराट कोहली त्याच महिन्यात कसोटीतून निवृत्त झाले होते, शुभमन गिल कर्णधार झाला होता. वर्तमानपत्रांच्या मोठ्या बातम्या या. आम्ही दिग्रसकरांनी मात्र ती यादी एकाच जागेसाठी वाचली. मधल्या फळीत करुण नायर आत आला होता आणि सर्फराज खान बाहेर गेला होता.

आमची अडचण अशी, की दोघेही आमचेच. सर्फराज मुंबईचा, पण नावाने आमचा. करुण कर्नाटकात वाढलेला, पण दोन मोसम तो विदर्भाकडून खेळला. 2024-25 च्या रणजी मोसमात त्याने 863 धावा केल्या, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 86 आणि 135, आणि चषक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. जामठ्याचे मैदान दिग्रसहून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. तरी त्या चषकात आपलाही वाटा आहे, असे आम्ही धरून चालतो. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला वसीम जाफरने विजयी फटका मारून पहिला रणजी चषक विदर्भाला मिळवून दिला, तेव्हा विदर्भ आणि मोहल्ला यांतून एक निवडायची वेळच आली नव्हती. दोन्ही एकाच माणसात होते. या वेळी ती वेळ आली.

जुम्म्याच्या नमाजीनंतर टपरीवर विषय निघायचाच. "नाव पाहूनच कापलं ना भाई," एकाने म्हटले आणि बहुतेकांनी माना हलवल्या. बाजू कच्ची नव्हती. प्रथम श्रेणीत पासष्टच्या वर सरासरी. फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला पदार्पणातच दोन अर्धशतके. वडील नौशाद खान यांचे पाणावलेले डोळे आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध 150. त्यानंतरच्या चार डावांत मिळून 21, हेही खरे. पण मग त्याला ऑस्ट्रेलियाला नेले, पाचांपैकी एकाही कसोटीत खेळवले नाही, आणि आल्यावर वगळले. आगरकरांचे म्हणणे असे होते, की शतकानंतर त्याच्या धावा झाल्या नाहीत, उलट करुणकडे देशांतर्गत धावांचा ढीग आहे आणि कौंटीचा अनुभवही. क्रिकेटच्या हिशेबात हे बसते. टपरीच्या हिशेबात बसत नव्हते.

कारण टपरीचा हिशेब क्रिकेटपासून सुरू होत नाही. आमची मुले शिकायला मोठ्या शहरात जातात, खोली पाहतात, भाडे ठरते. नाव सांगितले की ती खोली कालच कोणीतरी घेतलेली असते. हे ज्याने सोसले, तो कोणतीही यादी वाचताना आधी आपले नाव कुठे गळले ते शोधतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. आणि "सिराज खेळतोच ना!" हे उत्तरही आमच्या गळी उतरत नाही. आत बसलेला एकजण म्हणजे बाहेरच्या दुसऱ्याला दिलेली पावती नव्हे.

आमच्यातले एक निवृत्त मास्तर मात्र ऐकून घेत बसले होते. ते म्हणाले, "अरे, पण करुणले काय कमी सोसावं लागलं का?" मग त्यांनीच मांडले. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद 303. पुढची कसोटी हैदराबादला, फेब्रुवारी 2017 मध्ये, आणि करुण बाहेर! दुखापतीतून परतलेल्या अजिंक्य रहाणेला त्याची जागा मिळाली. रहाणेनेही 82 करून ती सार्थ केली, हा भाग वेगळा. 2018 च्या इंग्लंड दौऱ्यात करुण पहिल्यापासून संघात होता. ओव्हलला शेवटच्या कसोटीत जागा रिकामी झाली, तर मागाहून बोलावलेला हनुमा विहारी खेळला. मास्तरांनी चहा संपवून विचारले, "त्याचं नाव करुणऐवजी करीम असतं, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

कोणी उत्तर दिले नाही. देण्याची गरजही नव्हती.

आमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांतही अकरावा कसा ठरतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या नऊ-दहांवर वाद नसतो. शेवटची जागा कधी खेळणाऱ्याला मिळते, कधी ज्याची बॅट आहे त्याला, कधी वर्गणी देणाऱ्याच्या भाच्याला. उरलेला पोरगा सीमारेषेबाहेर बसून धावफलक लिहितो. काय कमी पडले, हे त्याला कोणी सांगत नाही, मग तो आपल्या परीने कारण शोधतो. ज्याला जे हाताशी असते, ते.

यादीनंतर सहाच दिवसांनी कँटरबरीला भारत 'अ' संघाकडून हे दोघे एकत्र फलंदाजीला उभे राहिले. सर्फराजने 92 केल्या, करुणने 204. निवडलेला आणि वगळलेला एकमेकांच्या धावा पळत होते. पुढे कसोटी मालिकेत करुणला आठ डाव मिळाले, धावा 205. त्यांतल्या 57 ओव्हलला, संघ 224 वर आटोपला तेव्हा; ती कसोटी भारताने सहा धावांनी जिंकली. तरीही वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत त्याचे नाव नव्हते. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्फराज भारत 'अ' संघातूनही वगळला गेला आणि त्याच्या आडनावावरून थेट राजकीय पक्षांतच जुंपली.

करुण 2025-26 च्या मोसमात पुन्हा कर्नाटकाकडे गेला. आता टपरीवर सर्फराजच्या धावा विचारल्या जातात. करुणच्या विचारतात ते एकटे मास्तर.