चिंध्यांचा पैलवान

पंचिंग बॅग घ्यायचं ज्याच्या मनात येतं तो माणूस आधी वर बघायला लागतो. एरवी पंखा नीट फिरतोय का आणि पावसाळ्यात ओल उतरलीय का, एवढ्यासाठीच आपली नजर छताकडे जाते. आता तिथे बीम कुठून गेलाय, स्लॅब किती जाड असेल, हे दिसू लागतं. जुन्या घरांना ही विवंचना नव्हती. कोकणातल्या पडवीत, वाड्यांच्या माजघरात सागवानी तुळईला झोपाळ्याच्या लोखंडी कड्या पिढ्यान्‌पिढ्या असायच्या. सुपारी कातरत बसलेले आजोबा, शेजारी आजी आणि मध्ये घुसलेली दोन नातवंडं, एवढा भार त्या मुकाट्याने सोसायच्या. फ्लॅटमध्ये वर पीओपीची नक्षी, तिच्या आड चार-पाच इंचांचा स्लॅब आणि स्लॅबच्या पोटातून गेलेल्या विजेच्या नळ्या.

पंख्याच्या हुकालाच बॅग अडकवावी, हा मोह बहुतेकांना होतो. पण पंखा चार-पाच किलोंचा असतो आणि एका जागी फिरतो. बॅग त्याच्या सहा-सातपट जड, शिवाय झोके घेणारी. प्रत्येक हेलकाव्याला हूक वेगळ्याच दिशेने ओढला जातो. जाणता मिस्त्री म्हणून बीम शोधतो, त्यात अँकर फास्टनर ठोकतो आणि मग स्वतःच त्याला लोंबकळून दाखवतो. असा मिस्त्री भेटला तर पैशांची घासाघीस करू नये.

भाड्याच्या घरात हे सगळं बंदच. मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, तो छताला भोक काय पाडू देणार! मग उरते जमिनीवर उभी राहणारी बॅग. तिच्या पायथ्याच्या पोकळीत पाणी किंवा वाळू भरायची. वाळूच भरावी, कारण तेवढ्याच जागेत ती पाण्याच्या दीडपट तरी भरते. मला स्वतःला ही उभी बॅग फारशी आवडत नाही. जोराचा ठोसा बसला की ती मागे वाकते, आणि गुळगुळीत टाइल्सवरून सरकत सरकत सोफ्यापर्यंत जाते. खाली रबरी मॅट घातली तर थोडी ताळ्यावर राहते. तरी काहीच नसण्यापेक्षा ती बरी.

वजनाचा हिशेब सगळे एकच सांगतात: आपल्या वजनाच्या साधारण निम्मं. सत्तर किलोंच्या माणसाला पस्तीस किलोंची, पन्नास किलोंच्या बाईला पंचवीसची. मोजमाप ढोबळ आहे, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. हलकी बॅग एका ठोशात उडते आणि पुढचा सगळा वेळ तिला आवरण्यात जातो. फार जड बॅग हलतच नाही. दिलेला ठोसा मनगटातून, कोपरातून खांद्यापर्यंत परत येतो. बॅगेने उत्तर द्यायला हवं. ती थोडी मागे जावी, परत यावी, आणि ती येईपर्यंत आपण पाय हलवून बाजूला झालेलो असावं. या देवाणघेवाणीवर पुढचं बरंचसं अवलंबून आहे.

आता आत काय भरायचं? इथे खरी मजा आहे. आपल्याकडे पुष्कळदा बॅग रिकामीच मिळते, मेरठ किंवा जालंधरच्या कारखान्यात शिवलेली. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर येऊन या दोन गावांत स्थिरावले आणि खेळाच्या सामानाचा धंदा त्यांच्याबरोबर आला. तर अशी तीन-चार फुटांची रिकामी खोळ घरी येते आणि घडी उलगडून जमिनीवर पडते. पहिला विचार वाळूचा येतो. तो सोडून द्यावा. नुसती वाळू ठोशांनी खाली खाली बसत जाते. महिन्या-दोन महिन्यांत बॅगेचा तळ दगड होतो आणि वरचा भाग पोकळ. लाकडाचा भुसा मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात दमट होऊन वास मारतो. उत्तम भरण चिंध्यांचं. वजन कमी पडलंच तर वाळूच्या छोट्या, घट्ट बांधलेल्या पिशव्या मधोमध ठेवाव्यात, चहूबाजूंनी चिंध्यांचा जाड थर येईल अशा.

चिंध्या म्हणजे घराचा इतिहासच. ज्या जुन्या लुगड्यांच्या एके काळी गोधड्या झाल्या असत्या, ती इथे कामी येतात. विरलेल्या चादरी, आखूड झालेले शाळेचे गणवेश, रंग उतरलेले टी-शर्ट. मुख्य म्हणजे आहेरात आलेले ब्लाउजपीस. कुठल्याही मराठी घरात कपाटाच्या तळाशी ब्लाउजपिसांचा एक गठ्ठा असतो, जो कधी शिवला जात नाही, फक्त ओटी भरताना पुढे सरकवला जातो. वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरणाऱ्या त्या कापडाला पंचिंग बॅगेत कायमचा मुक्काम मिळतो. भरताना बटणं, हूक, चेन काढून टाकाव्या लागतात, नाहीतर आतून टोचतात. कापड फाडून पट्ट्या करायच्या, एक थर टाकायचा, मुसळाने किंवा जाड दांड्याने दाबायचा, मग पुढचा थर. घाई केली की मध्ये पोकळी राहते. कितीही नीट भरली तरी काही महिन्यांनी बॅग थोडी खाली बसते आणि वर आणखी कापड लागतं. त्यामुळे घरात कुणी जुना कपडा टाकायला काढला की एक हात पटकन पुढे होतो.

ही खटपट फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक मल्ल अशाच लोंबत्या पिशवीवर सराव करत. तिला कोरिकोस म्हणत. नाजूक माणसासाठी आत अंजिराच्या बिया किंवा पीठ, दणकटासाठी वाळू. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली एक काशाची पेटी आहे, फिकोरोनीची म्हणून ओळखली जाणारी. तिच्यावर अर्गो जहाजातल्या वीरांची कथा कोरली आहे. त्यातला एक वीर टांगलेल्या पिशवीवर ठोसे मारतोय आणि जवळच बसलेला ग्रीक पुराणातला ढेरपोट्या सायलेनस त्याची नक्कल म्हणून स्वतःचंच पोट बडवतोय. घरात कुणी व्यायाम करू लागलं की सोफ्यावर बसून त्याची टर उडवणारा एक जण असतोच. त्याची परंपरा किमान तेवीसशे वर्षांची आहे.

आपल्याकडच्या तालमीने मात्र मुका प्रतिस्पर्धी निवडला तो बिलगण्यासाठी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, त्या खांबाला एरंडेल चोळून मिठी मारायची, आढी घालायची. बडवण्याचं काम माजघराकडे होतं. उखळात मिरची कांडणं, दगडावर धुणं आपटणं. सासरच्या बोलण्याचा किती निचरा त्या धुण्यातून झाला असेल, असं आपण आता कौतुकाने म्हणतो. मला यात थोडी लबाडी वाटते. धुणं आपटणाऱ्या बाईला तेव्हा दुसरा इलाजही नव्हता, आणि घाटावरून परतल्यावर तेच घर, तीच माणसं.

राग असा मारझोडीने निघून जातो का, हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सहाशे विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी विद्यार्थ्यांच्या लेखनावर अपमानास्पद शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना अपमान करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितली, काहींना तब्येतीचा विचार करत, आणि उरलेल्यांना नुसतं शांत बसवलं. शत्रू डोळ्यांपुढे आणून बडवणारे सगळ्यांत जास्त संतापलेले निघाले. सगळ्यांत कमी आक्रमक होते ते काहीच न करता दोन मिनिटं बसून राहिलेले. २०२४ साली त्यांनी आणि सोफी कर्विक यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तरी सूर तोच: श्वास संथ करणाऱ्या, शरीर सैल सोडणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, नाडी वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही.

म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढायला बॅग आणली असेल तर ते पैसे वाया. बॅगेवर साहेबाचा फोटो चिकटवणारे लोक असतात. त्यांनी फोटो काढावा, निदान फोटोच्या भल्यासाठी.

मग बॅग कशाला? माझ्या मते दमण्यासाठी, आणि दमताना दुसरं काही सुचू नये यासाठी. मुष्टियुद्धाची फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. तीन मिनिटं म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी कळतं. डावा सरळ, उजवा सरळ, मग हुक. हनुवटी आत, हात परत गालापाशी, प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर. बॅग परत येतेय, पाय हलवा. दुसऱ्या फेरीत डोक्यात सकाळच्या मीटिंगचं एखादं वाक्य असतं. तिसऱ्या फेरीत फक्त खांदे असतात. बॅग निम्म्या वजनाची का हवी आणि ती झुलायला चोहोबाजूंनी तीन-चार फूट मोकळी जागा का हवी, ते इथे पटतं. न हलणाऱ्या बॅगेसमोर माणूस विचार करत उभा राहू शकतो.

हातांकडे मात्र हलगर्जी नको. करंगळीकडच्या तळहाताचं हाड मोडतं त्याला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण ते जास्त दिसतं ते न शिकलेल्यांत आणि रागाने भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांत. अंगठा मुठीच्या बाहेर, मनगट सरळ, भार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर. आधी साडेचार मीटरची पट्टी गुंडाळायची, वर बारा ते सोळा औंसांचे ग्लोव्हज. पावसाळ्यात त्यांना असा काही दर्प येतो की घरातली माणसं बॅगेपेक्षा ग्लोव्हजबद्दल जास्त तक्रार करतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत.

खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवावं. त्यांना मिक्सर चालतो, पहाटेचा खलबत्ताही चालतो, पण लयीत येणारा धप्‌ धप्‌ आवाज ऐकला की त्यांच्या मनात नाही नाही ते येतं. हूक आणि साखळी यांच्यामध्ये स्प्रिंग टाकली तर हादरा बराच कमी होतो.

आणि घरच्या व्यायामाच्या साधनांचं शेवटी जे होतं, त्याचाही विचार दुकानातच केलेला बरा. ट्रेडमिलवर चादरी वाळतात, सायकलच्या हँडलला टॉवेल. बॅग गोल असल्यामुळे तिच्यावर काही टिकत नाही, घसरून खाली येतं. पण वरच्या साखळीच्या कड्यांत हँगर सुरेख अडकतात. एका बॅगेवर इस्त्रीचे आठ शर्ट आरामात मावतात. म्हणून साखळीऐवजी नायलॉनच्या पट्ट्यांची बॅग मिळाली तर ती घ्यावी. पट्ट्यांवरून हँगर घसरतात आणि सगळे शर्ट एका जागी गोळा होऊन चुरगळतात, मग घरातलंच कुणीतरी वैतागून ते काढून नेतं.