एका संसारी मोटारीचे बळ

जुन्या मोटारीवर प्रेम करणाऱ्यांचे सामान्यतः दोन पंथ आढळतात. कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती राहावी, तिच्या चाकाची टोपीसुद्धा त्याच वर्षीची असावी, असे एक पंथ मानतो. दुसऱ्याच्या दृष्टीने जुने कलेवर हे केवळ निमित्त. त्यात नवे, दांडगे यंत्र बसवावे आणि चौकात सर्वांना दिपवावे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी, फारशी न बोलणारी मंडळी आहे. तिला गाडी रोज हवी असते: भाजीला, कचेरीला, पावसात, मे महिन्यात. गाडीत थोडे बळ वाढावे, पण तिने संसार सोडू नये, एवढीच तिची मागणी. ही मागणी साधी दिसते. वस्तुतः तीच सर्वांत अवघड आहे.

इंदुरातील एका मराठी कुटुंबात १९८४ सालची अ‍ॅम्बॅसॅडर आहे. वडिलांनी ती नवी घेतली. आता त्यांची दृष्टी अधू झाली असून, महूच्या महाविद्यालयात शिकवणारी कन्या ती रोज चालवते. आग्रा-मुंबई मार्गावर लांबलचक ट्रक ओलांडताना गाडी मध्येच दम टाकते, आणि तेवढ्या अवधीत समोरून काही येईल ही धास्ती तिला रोज वाहावी लागते. घरात प्रश्न निघाला तो यातूनच. गाडी विकावी, की तिच्यात बळ घालावे?

वडील म्हणाले, "तुला गाडी हवी आहे, की माझी गाडी हवी आहे?"

"तुमचीच हवी आहे, बाबा. पण रोज जीव मुठीत धरून नको."

या गाडीचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, तेथील 'बी' मालिकेतले. याच क्षमतेचे याच मालिकेतले इंजिन १९५५ साली एमजीए या दोन आसनी क्रीडामोटारीत दोन कार्ब्युरेटरांसह आले आणि सुमारे ६८ अश्वशक्ती देऊ लागले. उत्तरपाड्याच्या गाडीला त्याने पन्नासच्या आसपास दिली. धातू एकच, प्रत्यय निराळे. अ‍ॅम्बॅसॅडरचा दाब ७.२ ला १ एवढा मंद ठेवलेला होता, कारण त्या काळचे हलके पेट्रोल अधिक दाबाखाली अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागे. आजचे पेट्रोल त्याहून पुष्कळ सोशिक आहे. म्हणजे बळ बाहेरून आणावयाचे नव्हते. ते इंजिनात होते, केवळ कोंडलेले होते.

मिस्त्रीने प्रथम काही वाढवलेच नाही. चारही सिलिंडरांचा दाब मोजला, झिजलेले पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटरमधील सैल पडलेल्या स्प्रिंगा बदलल्या, ठिणगीची वेळ बसवली. जुन्या गाडीत हरवलेले बळ बहुधा या सामान्य गोष्टींतच हरवलेले असते, आणि ते परत मिळवण्यात कोणताही पराक्रम दिसत नसल्याने उत्साही मंडळी ती पायरी गाळतात. त्यानंतर हेड उतरवून त्याचा तळ थोडासा तासला, म्हणजे दाब आठाच्या किंचित वर गेला. झडपांखाली कठीण धातूच्या बैठका बसवल्या. २००० सालापासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले आणि त्यासोबत जुन्या मऊ बैठकांचे संरक्षणही गेले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्याही बदलणे प्राप्त होते. एस.यू. कार्ब्युरेटरची सुई एक पायरी जाड मिश्रणाची आली. धूर जाण्याची नळी थोडी रुंद झाली.

कॅमशाफ्टपाशी मात्र काम थांबले. शर्यतीचा कॅम झडपा अधिक काळ उघड्या ठेवतो. त्यामुळे वरच्या फेऱ्यांत इंजिन उसळते, पण खालच्या फेऱ्यांत ते अडखळते. शर्यतीत खालच्या फेऱ्या नसतातच. राजवाड्याच्या गर्दीत मात्र दुसरे काही नसते. शिवाय हा क्रँक अवघ्या तीन बेअरिंगांवर तोललेला. त्याला फार वेगाने फिरवणे म्हणजे म्हाताऱ्या पायांना पळावयास लावणे. मुलीला मोह झाला होता, हे खरे. तिने कॅमऐवजी त्याच पैशांत ब्रेकचे लायनर, ड्रम आणि रेडिएटर दुरुस्त करवून घेतले. हा तिचा सर्वांत शहाणा निर्णय म्हटला पाहिजे. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीला आधी थांबता यावे, मग पळता यावे.

नंतरच्या अ‍ॅम्बॅसॅडरांतले १८१७ घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन बसवावे, असेही एकाने सुचवले होते. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते. संमती मिळालीही असती. पण नोंदणीपुस्तकातला इंजिनाचा क्रमांक खोडला जाणार, एवढ्यानेच वडिलांचा चेहरा उतरला, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे पाठशुद्धीची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती मागाहून शिरलेले काढून. त्यांनी स्वतःचे भर घातले नाही. मोटारीला तेवढी निष्ठा परवडत नाही, कारण ग्रंथाला ट्रक ओलांडावा लागत नाही. तरी मिस्त्रीचे तासणे हे भर घालण्यापेक्षा त्या शुद्धीच्याच जवळ जाते, असे वाटते.

आता गाडी पूर्वीपेक्षा लवकर वेग घेते. फार नाही; ट्रकच्या बाजूला असण्याचा काळ काही क्षणांनी कमी झाला आहे, आणि हवे होते तेवढेच. नोंदणीची पुढची तपासणी २०२९ साली आहे. वडील गाडीत बसण्यास पहिले आठ दिवस तयार नव्हते. नवव्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे राहून नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट घट्ट आहे. पंधरा थाऊ हवे. फीलर गेज कुठे ठेवलीस?"